काळी चारवरचं बोट

बटणकाकांच्या घरी सिंथेसायझर होता आणि तो दर रविवारी सुरू असायचा, पण त्यावर त्यांनी एखादं गाणं वाजवल्याचं अमेरिकेतल्या कॅरी या गावातल्या एकाही मराठी माणसाने ऐकलेलं नाही. उजव्या हाताच्या तर्जनीने ते एकच पट्टी दाबून धरत आणि डाव्या हाताने वरची बटणं दाबत राहत. बोट तिथेच राहायचं, आवाज बदलत जायचा. कधी काचेच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यासारखा, कधी पत्रा कापल्यासारखा, कधी लांब कुठेतरी ट्रक रिव्हर्स घेतोय तसा. तिथल्या मराठी मंडळातल्या मुलांनी त्यांचं नाव 'बटन काका' ठेवलं, मोठ्यांनी त्याचं 'बटणकाका' केलं. त्यांचं आडनाव निमंत्रणपत्रिकेवर छापून यायचं, तोंडी कुणी घेत नसे.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकू म्हणजे शैलाकाकू, मूळच्या नागपूरच्या. लग्नाआधी त्या रेडिओवर गायच्या. कॅरीत दर शनिवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली जायची आणि आसपासची मराठी मुलं गाणं शिकायला यायची. मुलं काकूंशी इंग्रजीत बोलत आणि काकूंच्या मागून शुद्ध मराठीत गात. २००३ मध्ये काकूंच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, ती साधी होती, सगळ्यांना हायसं वाटलं. बोलण्याचा आवाज दोन-तीन महिन्यांत परत आला. वरचे स्वर आले नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की तसं होऊ शकतं. काकूंनी क्लास बंद केला, तंबोऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि त्यानंतर त्या घरात गायल्या नाहीत. देवापुढेही आरती म्हणायच्या, पण बोलल्यासारखी. त्या पुन्हा गातील का, हा त्या घरातला एकच प्रश्न होता आणि तो कुणी मोठ्याने विचारत नसे.

काका संख्याशास्त्रज्ञ होते. नव्या औषधाची चाचणी घेताना कोणत्या रुग्णाला खरं औषध द्यायचं आणि कोणाला नुसती गोळी, हे डॉक्टरांनी ठरवायचं नसतं. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरावं लागतं, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि डॉक्टरांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं. रिसर्च पार्कमधल्या एका कंपनीत काका या चिठ्ठ्या टाकणारे प्रोग्रॅम लिहीत. "माणसाच्या हातात निवड दिली की तो आपल्याला हवं तेच उचलतो," ते म्हणत. "आणि वर सांगतो, मी तटस्थ होतो."

ही शिस्त ते घरीही पाळत. रविवारी जवळच्या विद्यापीठातले आम्ही तीन-चार विद्यार्थी त्यांच्याकडे जेवायला जायचो. त्यांची मुलगी दुसऱ्या राज्यात शिकायला गेली होती, त्यामुळे टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि काकूंचा हात अजून मोठ्या स्वयंपाकाचा होता. जेवणानंतर भांडी कोणी घासायची हे काका फासा टाकून ठरवत. फासा त्यांच्या स्वतःच्या विरुद्ध पडला तर बाह्या वर करून सिंककडे जात. दुसऱ्याने "काका, राहू द्या, मी करतो" म्हटलं की त्यांना राग येई. "तू चाचणी बिघडवतो आहेस," असं ते सांगत.

एका वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमाचा क्रम ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. प्रत्येक आईला आपलं मूल पहिलं हवं होतं, कारण उशीर झाला की मुलं पेंगतात आणि प्रेक्षक जेवणाच्या रांगेकडे सरकतात. मंडळाच्या अध्यक्षा वैद्यबाई काकांच्या चिठ्ठ्यांनी लागलेला क्रम बघून म्हणाल्या, "अहो, माझीच नात शेवटी?"

"हो."

"बदलता येईल का थोडं?"

"येईल की. पण मग मी सगळ्यांना सांगेन, हा क्रम वैद्यबाईंनी लावला."

वैद्यबाईंनी तो विषय तिथेच सोडला. त्यांची नात पेंगत पेंगतच नाचली आणि त्या वर्षी मंडळात क्रमावरून भांडण झालं नाही.

सिंथेसायझर त्यांनी २००४ मध्ये गावातल्या एका चर्चकडून आणला. चर्चने नवा घेतला होता आणि जुना काढून टाकायचा होता. यंत्राच्या पोटात आवाज साठवायच्या जागा होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जागा चर्चच्या वादकाने भरून ठेवल्या होत्या. छोट्या पडद्यावर नावं दिसत: संडे, ईस्टर, संथ स्तोत्रासाठीचा स्लो हिम. काकांनी त्यातलं एकही पुसलं नाही. "भाड्याच्या घरात आधीच्या माणसाने भिंतीला खिळे ठोकलेले असतात," ते म्हणाले. "आपण आपली चित्रं त्याच खिळ्यांना लावतो ना?" उरलेल्या रिकाम्या जागांवर त्यांचं काम सुरू झालं.

त्यांचा तर्क असा होता. काकू तंबोऱ्याचा डबा लावत नाहीत, कारण त्या आवाजाबरोबर त्यांना आपला जुना गळा आठवतो. हे काकू स्वतः एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा मागे धरायला दुसरा एखादा आवाज हवा, ज्याला काहीच आठवणी चिकटलेल्या नाहीत. तो कसा असावा हे काकांना ठाऊक नव्हतं आणि ते ठरवायचा अधिकार आपल्याला नाही असं त्यांचं मत होतं. त्या यंत्रात एक सोय होती. दोन बटणं एकत्र दाबली की ते आवाजाचे सगळे आकडे आपल्या मनाने बदलायचं: सूर किती वेगाने उमटावा, किती वेळ घुमावा, किती थरथरावा, त्याची धार किती कापावी, दोन थर एकमेकांपासून किती लांब असावेत. दर वेळी संपूर्ण नवा आवाज. तो सेव्ह केला तर राहिला, नाहीतर पुन्हा बटणं दाबली की गेला, आणि तो परत मिळायचा काही मार्ग नाही.

रविवारी काकू स्वयंपाकघरात असताना काका शेजारच्या जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडून बसत. तर्जनी काळी चारवर. ती काकूंची पट्टी. रेडिओच्या दिवसांपासून त्या तिथूनच गायच्या. एकामागून एक आवाज काढायचे, काकूंना काही विचारायचं नाही, त्यांच्याकडे बघायचंही नाही. काकू आपण होऊन गुणगुणल्या तरच तो आवाज बरोबर. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांनी एकदा कारमध्ये बसवून हे समजावून सांगितलं आणि काकूंपाशी बोलू नका अशी ताकीद दिली. काकूंना पहिल्या आठवड्यातच सगळं कळलं होतं. हे त्यांनी आम्हाला पोळ्या लाटता लाटता सांगितलं आणि काकांपाशी बोलू नका अशी ताकीद दिली.

काकू गुणगुणल्या नाहीत, पण मत देत राहिल्या.

"हा दाताच्या डॉक्टरकडचा आहे. बंद करा."

"हा चांगला आहे. दुसऱ्याच्या घरी."

"काय करून राहिले तुम्ही? फोडणी जळली माझी याच्या नादात."

काका उत्तर देत नसत. पण काकूंचा शेरा चांगला निघाला की तो आवाज सेव्ह करत आणि त्याला शेऱ्याचंच नाव देत. नावाला सोळा अक्षरांची जागा होती. दाताचा डॉक्टर, जळकी फोडणी, ओला टॉवेल, नणंद आली, असे आवाज रोमन लिपीत कुठल्याशा बाप्टिस्ट वादकाच्या ईस्टरशेजारी जाऊन बसले. सेव्ह करताना यंत्र विचारायचं, आर यू शुअर? काका पडद्याला उत्तर देत, "पंच्याण्णव टक्के," आणि बटण दाबत.

नावाबाबत ते कडक होते. नाव सुचलं नाही तर आवाज ठेवायचा नाही. टेस्ट वन, टेस्ट टू असली नावं त्यांना चालत नसत. ऑफिसात अशा नावांच्या फायली उघडून बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, असं ते सांगत. "ज्याला नाव देता येत नाही ते आपण नीट ऐकलेलंच नसतं."

दोन वर्षं गेली. मंडळाकडून दर उन्हाळ्यात निरोप येई की गणपतीला काकूंनी निदान एक भजन म्हणावं. काकू दर वेळी सांगत, घसा ठीक नाही. वैद्यबाईंनी एकदा काकांनाच गाठून विचारलं, "या वर्षी तरी?" काका म्हणाले, "चाचणी सुरू आहे." वैद्यबाईंना वाटलं डॉक्टरांची.

२००६ च्या वसंतात, पाइनच्या झाडांची पिवळी भुकटी गाड्यांवर साचते त्या दिवसांत, एका रविवारी ते घडलं. भुकटीमुळे खिडक्या बंद होत्या. काका बटणं दाबत होते. एक आवाज आला, खालचा, थोडा घोगरा, आत कुठेतरी हळू श्वास घेतल्यासारखा. स्वयंपाकघरात काकू दाण्यांची सालं पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तोंड मिटून त्या आवाजात सूर मिसळला आणि एक लहानशी ओळ घेऊन परत तिथेच आणून ठेवली. 

काकांनी तर्जनी उचलली नाही. डाव्या हाताने सेव्हचं बटण दाबलं. यंत्राने नाव विचारलं.

काका पडद्याकडे बघत बसले.

मी म्हटलं, "काका, काहीही द्या. नंतर बदलू."

"काहीही कसं? याला काहीही नाव देऊ?"

"नुसतं 'ए' अक्षर टाका."

"थांब रे, सुचू दे."

आत काकूंनी दाणे मिक्सरमध्ये घातले. मिक्सर भारतातला होता, २२० व्होल्टचा, आणि सुटकेसएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. अमेरिकेतल्या मिक्सरमध्ये चटणी होत नाही, तिचं पीठ होतं, असं काकूंचं ठाम मत होतं आणि त्यावर त्या घरात चर्चा होत नसे. मायक्रोवेव्ह आधीच सुरू होता. स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकाच फ्यूजवर होती. खट्ट असा आवाज झाला. दिवे गेले, फ्रिज गप्प झाला आणि पडदा काळा पडला.

"लाइट गेली वाटते," काकू आतून म्हणाल्या. हात पुसत त्या गॅरेजमधला ब्रेकर वर करायला गेल्या. जाताना त्या अजून गुणगुणत होत्या. काकांनी ते ऐकलं नाही. ते काळ्या पडद्याकडे बघत होते.

ब्रेकर वर झाल्यावर यंत्र सुरू झालं ते चर्चच्या पहिल्या आवाजावर. नावाशिवाय राहिलेला आवाज गेला होता.

त्या दिवशी जेवताना काकांनी एवढंच सांगितलं की चूक मिक्सरची नाही. पुढच्या रविवारपासून दोन बटणं एकत्र दाबणं बंद झालं. आता ते हाताने आकडे बदलत होते, आठवणीतून तो आवाज पुन्हा बांधत होते. धार कापायची, थोडी परत द्यायची, श्वास वाढवायचा, घोगरेपणा कमी करायचा. आम्हाला विचारत, "असाच होता ना?" आम्ही म्हणायचो, जवळजवळ. मे संपला, जून गेला. आम्हाला तर दोन्हींत फरक सांगता आला नसता इतका तो जवळ आला. काकू गप्पच होत्या. आता त्या शेरेही मारत नसत. काका दर रविवारी थोडे आणखी वाकून बसत, आणि फासा न टाकताच भांडी घासायला उठत.

ऑगस्टमध्ये एका रविवारी काकू कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. काका नेहमीसारखे तर्जनी दाबून बसले होते. काकूंनी त्यांचं मनगट धरलं, हात उचलला आणि डावीकडे नेऊन पांढरी तीनवर ठेवला. पट्ट्यांना कणीक लागली.

"इथे धरा."

"ही तुझी पट्टी नाही."

"आता हीच आहे."

 काकांचं बोट पांढरी तीनवर होतं, पण दाबलेलं नव्हतं.

"त्या दिवशी तुमच्या यंत्राने सूर उतरवला होता," काकू म्हणाल्या. "तुम्ही काळी चार दाबून बसला होता, अन् वाजत इथलं होतं. आवाज कसा होता ते मला आठवतसुद्धा नाही. पट्टी बरोबर होती न, म्हणून गायली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? तुमची तर चाचणी सुरू होती."

"आणि काळी चार?"

"ती गेली. तीन वर्षं झाली जाऊन. मला माहीत होतं. तुम्हीच एकटे तिथे अडून बसलेले."

यंत्र आपल्या मनाने आकडे बदलायचं तेव्हा कधी कधी मूळ सूरही खाली-वर करायचं. तो आकडा होता, पडद्यावर दिसायचा, काकांना माहीतही होता. हाताने आवाज बांधताना त्यांनी बाकीचे सगळे आकडे हलवले आणि तो एक शून्यावर ठेवला, कारण सूर तोच असायला हवा हे त्यांनी गृहीत धरलं होतं. हे त्यांनी नंतर आम्हाला कारमध्ये सांगितलं. समजावण्याच्या सुरात नाही, एखाद्याने अहवाल द्यावा तसं. "सगळं रँडम केलं मी," ते म्हणाले. "फक्त हे बोट नाही केलं."  त्या वेळी ते काय विचार करत होते ते सांगता येणार नाही. एवढं खरं की बायकोचा जुना आवाज परत यावा असं त्या घरात तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त वाटत होतं आणि त्यांना ते त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं.

त्या वर्षीचा गणपती भाड्याने घेतलेल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. भिंतीवर भाज्या खाण्याचे फायदे सांगणारी पोस्टरं होती आणि मागे कुणीतरी मसालेभाताचे ट्रे उघडत होतं. काकू स्टेजवर बसल्या, शेजारी काका. काकांनी चर्चचा संडे हा आवाज लावला होता, एकही आकडा न बदलता. काकूंना तो चालला. त्यांनी अभंग सुरू केला. पहिली ओळ संपली तेव्हा काकांचं बोट ढिलं झालं आणि मागचा सूर तुटला. काकांचे डोळे भरले होते आणि त्यांना चष्मा काढायचा होता, पण तो काढायला दुसरा हातही आहे हे त्यांना त्या क्षणी सुचलं नसावं.

काकू माइकमध्येच म्हणाल्या, "अहो, धरून ठेवा न."

लोक हसले. काकांनी पट्टी धरली. काकू गायल्या. आवाज पूर्वीचा नव्हता. खाली भरलेला होता, आणि वर जायचं तिथे त्या जात नव्हत्या, अलीकडेच वळत होत्या. ज्यांनी त्यांना आधी ऐकलं होतं त्यांना तो फरक कळला. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना कळायचं कारण नव्हतं. जेवणाची रांग मात्र अभंग संपेपर्यंत लागली नाही. दुसऱ्या शनिवारी सतरंजी परत पसरली गेली. मुलांनी विचारलं, "काकू, व्हाय इज इट सो लो?" काकू म्हणाल्या, "कारण आता मी इथे राहते. वर तुम्ही जा."

२००८ मध्ये काकांच्या कंपनीने पुण्यात ऑफिस उघडलं आणि ते तिथे गेले. घर विकलं, सिंथेसायझर मंडळाला दिला. यंत्राच्या आतलं त्यांनी काहीच पुसलं नाही. त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. काका पुढे बसले होते, काकू मागे, बॅगा उरलेल्या जागेत. हायवेला लागलो तेव्हा काकू खिडकीबाहेर बघत स्वतःशीच गाऊ लागल्या. आधी नुसती गुणगुण, मग शब्द. काकांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला.

विमानतळाकडे उतरणाऱ्या एक्झिटची पाटी आली. काकांनी ती पाहिली, मीही पाहिली. उजवी लेन घेण्यासाठी मागे वळून बघायला हवं होतं, इंडिकेटर द्यायला हवा होता, तो टिकटिकला असता. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून मान किंचित हलवली. एक्झिट मागे गेली. पुढची येईपर्यंत मागे काकूंचं गाणं सुरू होतं.